चाळीस हजारांत घरचा सीएनसी राउटर: आकार आधी की काम आधी?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे एक वाचक टॉवेलच्या कारखान्यात १८ वर्षे जॉबर (माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर) म्हणून काम करतात. घराच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत त्यांना स्वतःच्या हाताने सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारे-कोरणारे यंत्र, बनवायचा आहे. त्यासाठी त्यांनी ४० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. प्लायवूडचा मोठा तुकडा बसावा म्हणून यंत्राचा पाट ४ फूट बाय २ फूट असावा, त्यावर लाकूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता), अॅक्रिलिक आणि अधूनमधून अॅल्युमिनियमही कापता यावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा भाचा ‘नेमा २३’ मोटरीच घ्या असा आग्रह धरतो, तर मित्र म्हणतो की बनवण्याच्या भानगडीत न पडता तयार ‘३०१८’ किट घ्यावा. पत्नीचे म्हणणे वेगळेच आहे: दोन वर्षांपूर्वी घेतलेला थ्रीडी प्रिंटरचा किट अर्धवट जोडलेला पडून आहे, तो आधी पुरा करा. जानेवारीतील गड्डा यात्रेपर्यंत नावाच्या पाट्यांच्या ऑर्डरी घेऊन निम्मा खर्च भरून काढता येईल, असा वाचकांचा हिशेब आहे. त्यांचा प्रश्न असा की यंत्र स्वतः बनवावे की तयार घ्यावे, आणि बनवायचे झाल्यास पैसे कशावर खर्च करावेत.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. यंत्राविषयी तुम्ही तीन पाने लिहिली आहेत, पण त्या यंत्रावर काय बनवायचे याविषयी पत्रात जेमतेम दोन ओळी आहेत. घरी राउटर बनवू पाहणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, माझीही अशीच झाली होती, आणि त्यापायी मला पहिले यंत्र जवळजवळ पूर्ण मोडून पुन्हा बांधावे लागले. म्हणून मोटरी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर आणि किट यांच्याकडे वळण्यापूर्वी एक काम करा. या वर्षात तुम्हाला खरोखर बनवाव्याशा वाटलेल्या दहा वस्तू एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर तिची लांबी, रुंदी, जाडी आणि माल लिहा. पत्रावरून मला जे दिसते त्यात नावाच्या पाट्या, देवघराची जाळी, मुलांसाठी लाकडी कोडी आणि कारखान्यात उपयोगी पडतील असे काही साचे आहेत. यांतील बहुतेक सर्व ४०० बाय ३०० मि.मी.च्या पाटात बसतात. चार फुटांचा आकार तुमच्या कामातून आलेला नसून ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडच्या तावातून आला आहे, असे मला वाटते.

मोठे यंत्र म्हणजे लहान यंत्रापेक्षा थोडा जास्त माल, अशी आपली समजूत असते. पण यंत्राचा ताठपणा लांबीबरोबर सरळ हिशेबाने कमी होत नाही. दोन टोकांना आधार दिलेला गज मधोमध भार दिल्यावर जितका झुकतो, तो झोक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट केली की झोक आठपट होतो. १२ मि.मी. जाडीचे दोन पोलादी गज ४०० मि.मी. अंतरावर टेकवले आणि मध्ये ५ किलोचा भार दिला, तर ते सुमारे ०.१६ मि.मी. झुकतात. तेच गज १००० मि.मी. लांब केले तर झोक अडीच मि.मी.वर जातो. उलट जाडी वाढवल्याचा फायदा फार मोठा आहे, कारण झोक व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो, ४०० मि.मी. लांबीवर १२ऐवजी १६ मि.मी.चे गज घेतले तर झोक ०.०५ मि.मी.च्या आसपास राहतो. राउटरची मोटर, तिचा कंस आणि वर-खाली जाणारी सरक मिळून काही किलो वजन गॅन्ट्रीवर, म्हणजे ते वाहणाऱ्या आडव्या कमानीवर, सतत असते, आणि कापताना बिट (कापणारे पाते) मालाला ढकलते तेव्हा त्यात आणखी भर पडते.

माझ्या पहिल्या यंत्राला असेच मीटरभर लांब, १२ मि.मी.चे उघडे गज होते. त्यावर मी घरासाठी सागवानी पाटी कोरायला घेतली. ६० अंशांच्या टोकदार बिटने अक्षरे कोरताना बिट जितके खोल जाते तितकी रेघ रुंद होते. खोली १ मि.मी.ने चुकली तर रेघेची रुंदी जवळजवळ १.१५ मि.मी.ने बदलते. पाटीच्या दोन्ही टोकांची अक्षरे बारीक आणि नेटकी आली, पण मधली अक्षरे जाड होऊन एकमेकांना चिकटली, कारण मध्यभागी गॅन्ट्री खाली बसत होती. नियंत्रक, संगणक, मोटरी यांपैकी कशातही दोष नव्हता. ती पाटी मी अजून ठेवली आहे आणि कोणी मोठ्या यंत्राचा विषय काढला की आधी ती हातात देतो.

तेव्हा पहिला सल्ला असा की पाट ४०० बाय ३०० मि.मी.च्या आसपास ठेवा. लांब पाटी कधीतरी करायची झालीच तर ती दोन टप्प्यांत करता येते: पाटाला दोन भोके आणि मालाच्या टाकाऊ कडेला त्यांच्याशी जुळणाऱ्या भोकांच्या दोन जोड्या, माल जितका सरकवायचा तितक्या अंतरावर पाडायच्या, पाटात लाकडी खुंट्या बसवायच्या, अर्धे काम झाले की माल पुढे सरकवून दुसऱ्या जोडीने त्याच खुंट्यांवर बसवायचा.

इतक्या लहान पाटासाठी गॅन्ट्री हलती ठेवण्याऐवजी ती सांगाड्याला पक्की बसवा आणि खालचा पाट हलता ठेवा. त्यामुळे सर्वांत कमजोर भाग, म्हणजे उभी गॅन्ट्री, एकाच जागी घट्ट राहतो. या रचनेत जागा जास्त लागते, पाट ४०० मि.मी. सरकायचा असेल तर सांगाडा ८००च्या पुढे जातो, पण तुमच्या गच्चीवरील खोलीत तेवढी जागा आहे असे दिसते. उघड्या गजांऐवजी खालून सलग आधार असलेल्या एसबीआर १६ प्रकारच्या रेल घ्या. त्यांचा भार सबंध लांबीवर सांगाडा पेलतो, त्यामुळे ताठपणाचा प्रश्न गजाकडून सांगाड्याकडे जातो आणि तिथे तो सोडवणे तुमच्या हातात असते. वर-खाली चाल ७० ते ८० मि.मी.पेक्षा जास्त ठेवू नका. बिट जितके लांब लोंबते तितकी त्याची तरफ वाढते.

सांगाड्याच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा भाग्यवान आहात. मोडीत निघालेल्या जुन्या मागांच्या बाजू बिडाच्या असतात आणि त्या कुठे भंगारात जातात हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बिडात ग्रॅफाइट असल्यामुळे ते कंप शोषून घेते. म्हणूनच लेथ आणि मिलिंग यंत्रांचे पाट पिढ्यान्‌पिढ्या बिडाचे बनत आले. एखादा सपाट, पूर्वीच मशीनिंग झालेला तुकडा वजनाच्या भावात मिळाला, तर ४० हजारांतील ती सर्वांत शहाणी खरेदी ठरेल. तो मिळाला नाही तर लोखंडी चौकोनी पाइप वापरा, पण वेल्डिंगने सांगाडा ओढला जातो हे लक्षात ठेवून जोड शक्यतो भोके पाडून बोल्टने करा. एमडीएफचा सांगाडा स्वस्त पडतो आणि इतर गावी चालूनही जातो. सोलापुरात मात्र उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसायचे म्हणजे कूलर लावणे आले, आणि कूलरच्या ओल्या हवेत एमडीएफ फुगते, शिवाय उघड्या पोलादी गजांवर गंज धरतो. सांगाडा चौकोनात आहे की नाही हे गुण्यावर सोडू नका. एका कडेवर ३०० मि.मी. आणि दुसरीवर ४०० मि.मी.वर खूण करा. त्या दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५०० भरले पाहिजे.

आता मोटरींकडे येऊ. तुमचा भाचा निम्मा बरोबर आहे. ‘नेमा १७’ आणि ‘नेमा २३’ हे आकडे ताकदीचे नसून मोटरीच्या तोंडाच्या मापाचे आहेत: १.७ इंच आणि २.३ इंच, म्हणजे सुमारे ४२ आणि ५७ मि.मी. तुमच्या आकाराच्या यंत्रावर लाकूड कापायला चांगल्या लांबीची ‘नेमा १७’ पुरते. एसबीआर १६ रेल आणि १६०५ बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेला, अक्ष सरकवणारा स्क्रू) घेणार असाल तर ‘नेमा २३’ त्यांना शोभते, पण मग ए४९८८ हे छोटे ड्रायव्हर पुरणार नाहीत. टीबी६६०० किंवा त्या धाटणीचे वेगळे ड्रायव्हर आणि २४ व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा पुरवठा घ्यावा लागेल. ज्या यंत्राची गॅन्ट्री हाताने दाबल्यावर हलते, त्याला मोठी मोटर लावून काहीही सुधारत नाही. ते जास्त जोराने वाकते इतकेच.

मोटर फिरली की अक्ष सरकवणारा स्क्रू निवडताना नटातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहा. स्वस्त टी८ लीडस्क्रूच्या पितळी नटात थोडा प्ले असतोच, आणि दिशा बदलताना तेवढे अंतर मोटर नुसतीच फिरते. वर्तुळ कापून पाहिले की तो लगेच पकडता येतो, कारण चारही टोकांवर, जिथे एकेका अक्षाची दिशा उलटते, तिथे वर्तुळ चपटे होते किंवा लहानशी पायरी दिसते. स्प्रिंगचा दुहेरी नट किंवा बॉलस्क्रू हा त्यावरचा इलाज. हिशेब सोपा आहे: मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले, ड्रायव्हरने प्रत्येकाचे ८ भाग केले की १६०० होतात, टी८ स्क्रू फेऱ्याला ८ मि.मी. सरकतो म्हणून मि.मी.ला २०० पावले, आणि १६०५ बॉलस्क्रू ५ मि.मी. सरकतो म्हणून ३२०.

नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारे जीआरबीएल हे मोफत आणि खुले फर्मवेअर (बोर्डात भरायची आज्ञावली) पुरेसे आहे. ते शिकताना तुम्हाला फारसे परके वाटणार नाही. १८०४ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जकार यांनी भोके पाडलेल्या कार्डांवर माग चालवला. भोक आले की सुई आत जाते, हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा त्याच्यामागे चढतो. तुमच्या हातांनी ती कार्डे हजारदा बदलली असतील. ‘जी१ एक्स५० एफ८००’ ही जी-कोडची, म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याच्या भाषेची, ओळ त्याच घराण्यातली आहे: आडव्या अक्षावर ५० मि.मी.च्या जागेपर्यंत, मिनिटाला ८०० मि.मी. वेगाने, सरळ जा. नक्षी वेगळी ठेवायची, यंत्र वेगळे ठेवायचे आणि मध्ये आज्ञांची ओळ असायची, ही कल्पना आपल्या शहराने चादरीतून कधीच आत्मसात केली आहे.

म्हणूनच अर्धवट पडलेल्या प्रिंटरविषयी तुमच्या पत्नींचे म्हणणे मला पैशाच्या तक्रारीपेक्षा मोठे वाटते. त्या प्रिंटरमध्ये ‘नेमा १७’ मोटरी आहेत, ड्रायव्हर आहेत, पुरवठा आहे, आणि तो जी-कोडवरच चालतो. राउटरसाठी जे शिकायचे त्यातले निम्मे तो किट जोडून चालू करताना एक रुपयाही न खर्चता शिकून होईल, आणि अर्धे काम सोडण्याची सवय कुठे आडवी येते हेही समजेल. ड्रायव्हरवरचा तो बारीक पितळी स्क्रू फिरवून करंट लावायला तिथे शिका, आणि वीज चालू असताना मोटरीची वायर कधीही उपसू नका, त्याने ड्रायव्हर जळतो. प्रिंटर चालू झाला की त्यावर लिमिट स्विचचे (अक्ष टोकाला पोचल्याचे यंत्राला कळवणाऱ्या स्विचचे) कंस आणि धूळ ओढण्याचे तोंड छापता येईल. मोटरींचे कंस मात्र पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचे छापू नका. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडू लागते, काम करताना स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी ही मोटर, तेवढी तापते, आणि मे महिन्यात पत्र्याखालची तुमची खोली कशी असते हे मी सांगायला नको. तिथे अॅल्युमिनियमची पट्टीच हवी.

राउटर मोटर म्हणून सुतारकामाचा लहान ट्रिमर चालतो, पण वेग कमी करता येणाराच घ्या. ३०,००० फेऱ्यांवर दोन धारांचे बिट मिनिटाला १००० मि.मी. वेगाने पुढे नेले तर प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०१७ मि.मी. माल येतो, म्हणजे बिट कापत नाही, घासते, आणि लाकूड काळे पडते. १२,००० फेऱ्या आणि १२०० मि.मी. वेग ठेवला तर प्रत्येक धार ०.०५ मि.मी.चा नीट कीस काढते. अॅक्रिलिकलाही हेच लागू, फक्त ओतीव म्हणजे कास्ट अॅक्रिलिक मागून घ्या; दुसरा प्रकार वितळून बिटला चिकटतो. अॅल्युमिनियम पहिल्या वर्षी यादीतून काढून टाका अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते घरच्या यंत्रावर अगदी उथळ थरांनी कापता येते, पण त्यासाठी यंत्राची प्रत्येक ढिली जागा तुम्हाला आधीच ठाऊक असावी लागते.

मित्र सुचवतो तो ३०१८ किट वाईट नाही. त्याचा पाट नावाप्रमाणे ३० बाय १८ सें.मी. असतो, नियंत्रक जीआरबीएलचाच असतो, आणि सर्किट बोर्ड कोरणे, पातळ लाकडावर नक्षी काढणे इतपत कामाला तो पुरतो. जाड सागवान खोल कापण्याइतकी त्याची मोटर आणि सांगाडा दणकट नसतो. तुम्हाला वस्तू हव्या असतील आणि यंत्र हे निव्वळ साधन असेल, तर तयार यंत्र घेणेच बरे. घरी बनवलेले स्वस्त पडते हे खरे नाही. चुकीचे घेतलेले भाग, दोनदा पाडलेली भोके आणि हत्यारे धरली तर ते बहुधा तेवढेच किंवा थोडे महागच पडते. पण तुमच्या पत्रातल्या त्या तीन पानांवरून मला वाटते की तुमचा जीव यंत्र जुळवण्यात आहे. सरळ रेषा, ताण, वंगण, वेळेवर उचल आणि वेळेवर सोड यांवर १८ वर्षे हात बसलेल्या माणसाला मी ‘बनवा’ असेच सांगेन.

४० हजारांची वाटणी मी अशी करीन. सांगाडा, रेल आणि स्क्रू यांना १७ हजार, मोटरी, ड्रायव्हर, नियंत्रक आणि पुरवठा यांना ९ हजार, ट्रिमर आणि त्याचे कोलेट (बिट धरणारी पकड) यांना ५ हजार, वायर, स्विच, बिट, शिकंजे आणि धूळ ओढण्याची सोय यांना ५ हजार. उरलेले ४ हजार घरी पत्नींच्या हाती ठेवा, कारण यंत्र पहिल्यांदा चालल्यावर काय कमी आहे ते तेव्हाच कळते. बाजारभावाप्रमाणे यात थोडे इकडेतिकडे होईल. सांगाड्याचे पैसे काढून मोटरींना देऊ नका, एवढे पाळा. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत: आराखड्याला फ्रीकॅड, अक्षरांना आणि नक्षीला इंकस्केप, यंत्राला आज्ञा पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. खोलीला पक्के अर्थिंग, वेगळा एमसीबी, आणि हात सहज पोचेल असे लाल आपत्कालीन बटण, जे ट्रिमर आणि मोटरी दोन्ही एकाच वेळी बंद करील. ट्रिमरची वायर लिमिट स्विचच्या वायरपासून दूर न्या, नाहीतर यंत्र काही कारण नसताना मध्येच थांबत राहील. वीज गेली की स्टेपर मोटरीला आपण कुठे होतो हे सांगता येत नाही. लिमिट स्विच असतील तर यंत्र मूळ जागी परत नेऊन काम पुढे चालू करता येते, म्हणून ते पहिल्या दिवसापासून लावा. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात डिंकाचे रसायन असते. एन९५ मास्क, गॉगल आणि धूळ ओढणारे यंत्र यांच्याशिवाय ते कापू नका, मुले गच्चीवर असताना तर मुळीच नको.

गड्ड्याच्या ऑर्डरींविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. ३०० बाय १५० मि.मी.च्या पाटीवर उठाव कोरायचा असेल आणि बिटच्या दोन फेऱ्यांमध्ये ०.३ मि.मी. अंतर ठेवले, तर बिटला ५०० फेऱ्या, म्हणजे १५० मीटर चालावे लागते. मिनिटाला १००० मि.मी. वेगाने याला अडीच तास लागतात, आणि हा फक्त शेवटचा हात. शिवाय ट्रिमरच्या आवाजामुळे रात्री यंत्र चालवता येणार नाही. टोकदार बिटने कोरलेली साधी अक्षरे काही मिनिटांत होतात, ऑर्डरी घ्यायच्या तर त्याच घ्या, पण या जानेवारीसाठी घेऊ नका. तारखेचे वचन दिले की चौकटीतला वाकडेपणा काढायला वेळ उरत नाही, आणि तो वाकडेपणा मग प्रत्येक पाटीत उतरतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी प्रिंटर. मग सांगाडा, रेल आणि गॅन्ट्री, आणि इथे मोटरी विकत घेण्यापूर्वी थांबा. बिट जिथे येणार तिथे डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे माप) लावा, कारखान्यातून एक दिवसासाठी मागून आणलात तरी चालेल, आणि ताणकाट्याने ५ किलोचा जोर आडवा, उभा आणि मागे-पुढे देऊन पाहा. काटा ०.१ मि.मी.पेक्षा जास्त हलला तर कुठले जोड हलतात ते बोट लावून शोधा आणि तिथे पट्टी किंवा तिरका आधार द्या. हे जमल्यावर मोटरी बसवा, पण ट्रिमर लावू नका. त्याच्या जागी स्प्रिंगवर बॉलपेन बांधा आणि कागदावर ५० मि.मी.चे वर्तुळ आणि चौकोन काढा. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, वर्तुळ आडवे आणि उभे मोजा. आकडे जुळेपर्यंत कागद आणि शाई एवढाच खर्च होतो.

नंतर ट्रिमर चढवा, पाटावर १८ मि.मी. एमडीएफचा तुकडा स्क्रूने बसवा, आणि यंत्राला पहिले काम द्या ते त्याचा स्वतःचा पाट रंधण्याचे. रुंद बिटने सबंध पृष्ठभागावरून अर्धा मि.मी. थर काढला की पाट बिटच्या चालीशी समांतर होतो. त्यावर पेन्सिलीने आधी आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवा. जिथे रेघ शिल्लक राहील तिथे पाट अजून खोल आहे.

तुमची दहा वस्तूंची यादी आणि डायल गेजचे तीन आकडे मला लिहून पाठवा. मोटरी कोणत्या घ्यायच्या हे आपण त्यानंतर ठरवू.